पातळ कडेची गोगलगाय

"सर, बातमी वाईट आहे," जनुकं तपासणारी मुलगी दारातूनच म्हणाली. "म्हणजे विज्ञानाच्या दृष्टीने चांगली आहे. पण इथे विज्ञान बसत नाही, तुम्ही बसता."

संग्रहालयाच्या शंख विभागात सर एकतीस वर्षं बसत होते. विभागात चाळीस हजार गोगलगायी होत्या, सगळ्या मेलेल्या. तरी त्यांच्यात सर्वांत संथ सरच, असं शिपाई म्हणे.

मुलीने अहवाल पुढे सरकवला. "तुमची पातळ कडेची जात आणि ती जाड कडेची साधी जात, दोन्ही एकच निघाल्या. वंशवृक्षावर इतक्या चिकटून बसल्यात की मध्ये सुई जायची नाही. नियमाने जुनं नाव राहणार."

"आणि नवं?"

"रद्द."

पातळ कडेच्या जातीला सरांनी दिलेलं हे नवं नाव त्यांच्या बायकोचं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी, सरांनी ते छापील स्वरूपात तिच्या हातात ठेवलं होतं. "लोक बायकोला फुलं आणतात," ती म्हणाली होती, "तुम्ही माझी गोगलगाय केलीत!" मग मात्र तिने ते सगळ्या गावाला सांगितलं. दातांच्या डॉक्टरलाही, तोंडात कापूस असताना.

तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

पण सरांना आठवली ती नाव छापून येण्याच्याही आधीची एक सकाळ. या जातीच्या चार गोगलगायी तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत बरणीत जिवंत होत्या. नव्या जातीवरचा पाकीटबंद लेख टेबलावर होता, पोस्टात टाकायचा राहिलेला.

"अहो, इकडे बघा," ती म्हणाली होती. "महिनाभर काकडीची सालं आणि अंड्याच्या टरफलांचा चुरा घातला. यांच्या कडा कशा जाड झाल्या! ही काही वेगळी जात नाही. उपाशी आहेत बिचाऱ्या."

"घरात पाळलेले नमुने ग्राह्य धरत नाहीत."

"मग घरातल्या बाईचं कसं धरणार!"

ती हसली. ज्या जातीला ती मोडीत काढत होती, तिला आपलंच नाव आहे हे तिला ठाऊक नव्हतं. सरांनी बरणीकडे पाहिलं. कडा जाड झाल्याच होत्या. पण लेख लग्नाच्या वाढदिवसापर्यंत छापून यायला हवा होता, दुसरी भेट सुचलेली नव्हती. त्यांनी पाकीट उचललं आणि पोस्टात टाकून आले. चारही गोगलगायी त्यांनी बागेत सोडून दिल्या, पुरावा चालत निघून गेला. चालायला त्याला दोन दिवस लागले, तेवढ्यात त्याला परत आणता आलं असतं.

"सर? शंखांखालची नावाची नवी चिठ्ठी मी लिहू का?"

"नको."

संग्रहालयात जुनी चिठ्ठी फेकत नाहीत. नवी तिच्यावर ठेवतात. सरांनी कप्पा ओढला. पातळ कडेच्या शंखांखाली बायकोचं नाव त्यांच्याच तरुण अक्षरात होतं. त्यांनी नव्या चिठ्ठीवर जुन्या जातीचं नाव लिहिलं. खाली एक ओळ उरली: 'ओळख पटवली', पुढे पटवणाऱ्याचं नाव आणि वर्ष.

"माझं नको हं, तुमचंच घाला," मुलगी म्हणाली.

सरांनी तिथे बायकोचं नाव लिहिलं, आडनावासकट. वर्ष लिहिलं.

मुलीने वाकून वाचलं. "सर, वर्ष चुकलंय. सव्वीस वर्षांनी मागे गेलंय."

"चुकलेलं नाही," सर म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत चिठ्ठीवर फुंकर घालत बसले.