नमुना सभासद

आमच्या कंपनीच्या वाचनालयांसाठीच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल कोणी वाचत नाही, ही माझी कायमची तक्रार. बोईसरच्या ऑफिसात ग्रंथपालांचे फोन मी घेते. मॅन्युअल उघडा म्हटलं की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, मॅडम, तुम्हीच सांगा ना. त्यामुळे एका वाचनालयाने ते अक्षरन् अक्षर पाळलंय हे कळलं तेव्हा एरवी मला हसूच आलं असतं. पण त्याआधी अंगावर काटा आला.

मॅन्युअल चंद्रभान सर लिहितात. सॉफ्टवेअरमधलं एक बटण जरी हललं तरी सर पुन्हा स्क्रीनचे फोटो काढणार, पानं बदलणार. दरवेळी सगळं नवं. फक्त 'सभासद नोंदणी'च्या पानावर नमुन्याचं नाव आणि जन्मतारीख कायम तीच, स्वरा चंद्रभान इंगळे, बालविभाग. स्वरा ही सरांची मुलगी. तिसरीत असताना तापाने गेली. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते नाव बदला म्हणायची कोणाची टाप नव्हती. एरवी फटकळ म्हणून बदनाम असलेली मीसुद्धा गप्प बसायची.

यंदा गावोगावची वाचनालयं एकमेकांना जोडून सगळ्यांच्या नोंदी आमच्याकडे दिसतील असं करायचं काम निघालं. उमरोळीचं वाचनालय जोडलं त्या दुपारी सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"मोनाली, स्वरा पुस्तकं नेतेय."

मी त्यांच्या स्क्रीनवर पाहिलं. नाव तेच, जन्मतारीखही तीच. आधी परीकथा, मग साहसकथा, मग शास्त्रज्ञांची चरित्रं, आणि आता नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचं पुस्तक. मूल वाढावं तशी पुस्तकं वाढत गेली होती. बाहेर कंपन्यांच्या बसचा गोंगाट चालू होता, तरी मला तिथे एकटीने बसवेना.

"मॅन्युअल बघून कोणीतरी नमुन्याचंच नाव भरलंय, सर," मी स्वतःलाच समजावत म्हटलं. "असे सभासद आता बंद करावे लागतील. ते कसे करायचे, याचं पान तुम्हालाच लिहायचंय."

"लिहितो," सर म्हणाले. पण लिहिलं नाही. नवी आवृत्ती त्या एका पानासाठी अडून राहिली आणि मालकांची बोलणी मला खावी लागली. शेवटी माझं डोकं फिरलं.

"सर, अडलंय तरी कुठे?"

"घरी," ते म्हणाले. उमरोळी जोडलं त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला, सुगंधाताईंना, सगळं सांगून टाकलं होतं. मुलगी गेल्यावर जी बाई ना रडली ना कोणाशी धड बोलली, ती आता रोज दारातच विचारायची, आज काय नेलं तिने? "ती आपली स्वरा नाही हे तिला कळतं गं. तरी विचारते. घरात पुन्हा बोलणं सुरू झालंय. मी ते नाव बंद करून कुठल्या तोंडाने घरी जाऊ?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. निदान वाचतंय कोण ते तरी बघू, म्हणून मी त्यांना रिक्षात बसवून उमरोळीला नेलं.

ग्रंथपाल जयवंतीताईंनी हात झटकले. "तुमच्या मॅन्युअलात दाखवलंय तसंच आमी भरलं. ते नुसतं दाखवायला हाय, हे आमाला कोण सांगणार? मग ही पोरगी आली. मायबाप भाड्याच्या खोलीत, पत्त्याचा कागद नाय. म्हटलं, कार्ड रिकामं पडलंय, वाचू दे." एवढ्यात दाराकडे बघून त्यांनी हाक मारली, "ये गो, स्वरा!"

सरांनी टेबलाची कड घट्ट धरली. दारात उभी होती वेणी घातलेली एक सावळी मुलगी, छातीशी पुस्तक धरून.

"नाव काय तुझं?" सरांनी विचारलं.

तिने जयवंतीताईंकडे पाहिलं. "स्वरा."

"खरं नाव, बाळ."

"मेघाली." तिचे डोळे भरून आले. "कार्ड बंद नका करू, काका. माझी परीक्षा हाय."

सर कॉम्प्युटरसमोर बसले. जयवंतीताईंना जामीन ठेवून त्यांनी मेघालीची नवी नोंदणी केली, तिच्या हातातलं पुस्तक जुन्या कार्डावरून परत घेतलं आणि तिच्या नावावर पुन्हा दिलं. मग स्वराचं पान उघडलं. स्क्रीनवर अक्षरं आली, 'या सभासदाकडे एकही पुस्तक बाकी नाही. सभासदत्व बंद करायचे?'

मला बघवलं नाही. मी मान फिरवली आणि माऊसचा आवाज ऐकला.

सालवडला त्यांच्या घरापर्यंत मी सोबत गेले. सुगंधाताई दारातच होत्या.

"आज काय नेलं तिने?"

"काही नाही," सर म्हणाले. "सगळी पुस्तकं परत केली आणि गेली."

सुगंधाताईंनी चौकटीला हात टेकला. "काहीच बाकी नाही ठेवलं?"

"काहीच नाही."

"गेली म्हणा ना मग," त्या म्हणाल्या, आणि सगळी चाळ दाराशी येईल एवढ्या मोठ्याने रडल्या.