मेपलची हिरवी बाजू

अकरा वर्षं कचेरीच्या अंगणातला मेपल पानगळीआधी सगळा लाल व्हायचा. यंदा दाराकडची निम्मी बाजू लाल झाली आणि भिंतीकडची हिरवीच राहिली. व्यवस्थापकांनी माळीणबाईंच्या हातात कागद दिला: झाड वेळेवर का रंगलं नाही, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काडीएवढं असताना हे झाड त्यांनीच लावलं होतं. मुळांवर पालापाचोळ्याचा ओला थर, उन्हाळा सरला की खत बंद, म्हणजे नवी कोवळी फूट थंडीत सापडत नाही. यात कधी हयगय झाली नव्हती.

त्या शिडीवर चढल्या. हिरवी राहिलेली पानं नेमकी भिंतीवरच्या नव्या मोठ्या दिव्यासमोर होती. त्यांनी वायरमनला गाठलं.

"हा रात्रभर जळतो?"

"साहेबांचा हुकूम. पाटी दिसायला हवी म्हणे."

"रात्री पाटी वाचायला कोण येतं?"

"मांजरं येतात. शिकलेली असतील."

"अरे, रात्र मोठी झाली की झाड पानं सोडायच्या तयारीला लागतं. या बाजूला रात्रच होत नाही. अशातच कडाका पडला तर शेंडे मरतील."

"मला सांगून काय उपयोग, काकू? वर लिहून द्या."

बाईंनी चार ओळींचा खुलासा दिला. उत्तर आलं नाही. गुरुवारी सकाळी दोन माणसं शिडी लावून हिरव्या फांद्यांना प्लास्टिकची लाल पानं बांधत होती. अकरा वाजता वरिष्ठ पाहणीला येणार होते, म्हणून व्यवस्थापक स्वतः खाली उभे होते.

"साहेब, ही पानं द्राक्षाची आहेत."

"लांबून कोणाला कळतंय?"

"आणि तार सालीत रुततेय."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तुम्ही वेळेत रंग आणला असतात तर ही पाळीच आली नसती."

खुलाशाच्या कागदाचा अपमान बाईंनी गिळला होता, हे गिळवेना. त्यांनी त्या दोघांना खाली बोलावलं, कात्री घेतली आणि स्वतः चढून एकेक तार कापायला लागल्या.

"उतरा आधी," व्यवस्थापक दबक्या आवाजात म्हणाले.

"माझं काम वर आहे, साहेब. तुमचं असेल ते खाली उरका."

वरिष्ठ आले तेव्हा निम्म्या तारा निघाल्या होत्या. त्यांच्यातल्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी विचारलं, "हे अर्धंच का रंगलंय?"

व्यवस्थापक खताबद्दल काहीतरी सांगू लागले. माळीणबाईंनी कात्रीनेच दिवा दाखवला. "हा रात्रभर चालू असतो, म्हणून."

दुपारी दोन हुकूम निघाले. दिवा आजपासून बंद. आणि वरिष्ठांसमोर बेशिस्त वागल्याबद्दल माळीणबाईंची सोमवारपासून मागच्या गोदामात बदली.

"सही करा," व्यवस्थापक म्हणाले.

"अंधार पडू द्या."

उरलेल्या तारा काढून होईतो अंधार पडला. दिवा लागला नाही. मग बाईंनी हात पुसले, हुकुमावर सही केली आणि सहीच्या वर लिहिलं: बदली मान्य, कारण अमान्य.