पुरात वाहून गेलेलं 'ब्याड'

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि माझ्यात आता इंजिन नाही, हे आधीच सांगून टाकते. हॉर्नही नाही. तरी निपाणी-संकेश्वर भागातल्या आमच्या आडरस्त्यावर माझ्यासमोर भल्याभल्या चकचकीत गाड्या थांबतात.

माझी उमेदीची वर्षं तंबाखूची पोती ओढण्यात गेली. तो वास माझ्या पत्र्याला अजून आहे. मग भरमू अण्णांनी मला घेतलं. नवरा-नवरी, मास्तर, बोकडं, सगळं मी वाहिलं. सीट उसवली की अण्णा स्वतः दाभण घेऊन बसत. "माझी गाडी कुठं अडायची न्हाय," असं ते चारचौघांत सांगत आणि मीही फुगून जाई. ती फुशारकी आम्हा दोघांनाही नडली.

त्या डिसेंबरात ऊसतोड जोरात असताना तीन दिवस पाऊस कोसळला. पावसाळ्यात माणूस जपून असतो, थंडीतला पाऊस बेसावध गाठतो. उसाच्या ट्रॉल्यांनी काळ्या मातीच्या रस्त्यात गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्यांत काकवीसारखा चिखल भरला होता. ब्रेक दाबला की मी थांबायची सोडून आडवी जात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या थोरल्या बहिणीला, जयाआक्कांना, दम्याचा झटका आला. ओठ निळे पडले. अण्णांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि संकेश्वरच्या दवाखान्याकडे मला पिटाळलं.

वाटेत ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशी-पुलावरून लाल पाणी धडधडत होतं. पलीकडे तिथल्या मळ्यातले देवाप्पा उभे होते. त्यांची भाषा कन्नड. अण्णांची घरी मराठी, बाजारात कन्नड. देवाप्पांनी एक हात तोंडाला लावून, दुसरा आडवा हलवत ओरडून सांगितलं, "होगब्याडरी!" म्हणजे, जाऊ नका. पण मधलं 'ब्याड' पाण्यानं गिळलं. अण्णांना ऐकू आलं ते नुसतं "होग...री". म्हणजे, जा.

"भरमा, नीट आयकलास न्हवं रं?" आक्कांनी कसंबसं विचारलं.

"व्हय गं आक्का. जावा म्हणतोय त्यो."

मी मधोमध पोचले आणि पाण्यानं मला कुशीवर हाणलं. उपटून आलेली बाभूळ दारावर आदळली. दार आत घुसलं, काच फुटून अण्णांच्या गालात रुतली. पुढचं चाक फरशीवरून सुटलं आणि मी उलटले. पाण्यानं मला दगडांवर आपटलं, उचललं, पुन्हा आपटलं. अण्णांनी एका हातानं स्टेअरिंग धरलं होतं, दुसऱ्यानं आक्कांचं मनगट. मग बांगड्या फुटल्या. अण्णांच्या मुठीत काचांचे तुकडे उरले.

देवाप्पांनी कमरेला दोर बांधून उडी घेतली आणि अण्णांना ओढून काढलं. काठावर ते ऊर बडवून म्हणत होते, "ना होगब्याडरी अंदिद्दे, अण्णा!" मी जाऊ नका म्हणालो होतो. या वेळी अण्णांना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी स्वतःचेच कान रक्त येईपर्यंत बडवून घेतले.

जयाआक्का दुसऱ्या दिवशी खालच्या उसात सापडल्या.

भंगारवाला आला होता. अण्णांनी त्याला परत पाठवलं. मला ओढ्यातून काढून काठावर ठेवलं आणि अंगभर लाल रंग फासला. पाऊस लागला की अण्णा आणि देवाप्पा मला ढकलत नेऊन फरशीच्या तोंडाशी आडवी लावतात. गाडीवाले चिडतात, हॉर्न वाजवतात, शिव्याही देतात. देऊ देत.

मित्रांनो, पाण्याच्या आवाजात ऐकलेल्या शब्दावर गाडी घालू नका. पलीकडच्या माणसाचा हात काय सांगतो ते आधी बघा. आणि कधी मी रस्त्यात आडवी दिसले, तर मला वळसा घालून पुढं जाऊ नका. मला ना मराठी बोलता येतं, ना कन्नड. मी नुसती आडवी उभी राहते.