तिसऱ्या ओळीनंतरचा खोकला

गाळणी न्यायची आणि परत करायची नाही, ही सेबोलेलोची खोड लग्नाआधीची. सासरी गेल्यावर ती सुटेल असं तिच्या आईला, मामोहापीला, वाटलं होतं. उलट आता खोडीला ओढ्यापलीकडचं एक घर मिळालं होतं. परवा मुखियाकडे मेजवानी, उद्या बियर गाळायची, आणि गवताची लांब गाळणी लेकीच्या सासरी. खांद्यावरच्या ब्लँकेटची पिन घट्ट करून मामोहापी गोठलेल्या ओढ्यातले दगड ओलांडत निघाली.

सव्वीस वर्षं मुखियाकडचा पहिला पेला तिच्या रांजणातला भरला जात होता. यंदा त्याने तिच्या विहिणीलाही एक रांजण सांगितला. दोन्ही चाखून पहिला कुणाचा ते ठरवू, म्हणाला. मामोहापीने हसून मान डोलावली होती, आणि घरी येऊन कुत्र्याला विनाकारण हाकललं होतं.

विहिणीच्या झोपडीचं दार अर्धं उघडं होतं. आत विहीण, माखोत्सो, बाही दंडापर्यंत सारून रांजणात हात घालून उभी होती. शेजारी सेबोलेलो, मोड आणून दळलेल्या ज्वारीची पाटी धरून. पेज शिजवायची, निववायची, मग त्यात हे पीठ टाकायचं. पेज जास्त गरम असली तर पीठ मरतं, गार झाली तर झोपून राहतं. एवढं पोरीबाळींनाही ठाऊक असतं. कधी टाकायचं, ते मात्र ज्याच्या त्याच्या घरचं गुपित.

मामोहापी हाक मारणार, तेवढ्यात माखोत्सो पुटपुटू लागली. मगरीच्या कुळाची स्तुती. मामोहापीच्या घरची. माखोत्सोचं घर तर सिंहाच्या कुळातलं.

पहिली ओळ झाली. दुसरी, तिसरी. मग माखोत्सोने तोंड बाजूला वळवलं आणि ती दोनदा खोकली.

मामोहापीने दाराची चौकट धरली.

तिची सासू दमेकरी होती. कोपरापर्यंत हात बुडवून ती स्तुती म्हणायची, तिसऱ्या ओळीला दम लागायचा, दोनदा खोकून उरलेल्या दोन ओळी पुऱ्या करायची. तेवढा वेळ हात न भाजता आत राहिला, की पीठ टाकायचं. ती गेल्यावर मामोहापीने एकदा खोकला गाळून पाहिला. पेज गरमच राहिली होती, पीठ मेलं. तेव्हापासून छाती ठणठणीत असून मामोहापीही तिथेच दोनदा खोकत आली होती.

"खोकला झालाय वाटतं, विहीणबाई?"

माखोत्सोचा हात सपकन बाहेर आला. "थंडी बाधली जरा. या ना, बसा."

"तिसऱ्या ओळीलाच बाधते का?"

माखोत्सो हात पुसत राहिली, कोरडा झाला तरी. मग जळण आणायचं निमित्त करून बाहेर गेली.

सेबोलेलोने पाटी खाली ठेवली.

"खोकलासुद्धा शिकवलास?" मामोहापीने विचारलं.

"तो लागतो की नाही, ते तू कुठे सांगितलंस? तू मला काहीच सांगितलं नाहीस, आई. दाराआडून जेवढं दिसलं तेवढं घेतलं."

"आणि दिलंस."

"माझ्या हातची बियर इथे दोनदा मेली. सासूबाई बोलल्या नाहीत काही. जेवताना माझ्याकडे बघायच्या नाहीत, एवढंच." सेबोलेलोने रांजणाला गुंडाळायचं ब्लँकेट उगाच नीट केलं. "लग्नात तूच म्हणालीस, आता तेच तुझं घर."

"माझ्याकडे यायचं. मागायचं."

"दिलं असतंस?"

मामोहापीने खुंटीवरची गाळणी काढली. उलटी करून झटकली, काडी न् काडी तपासली. गाळणी स्वच्छ धुतलेली होती.

लग्नाच्या दिवशी सासरच्यांनी सेबोलेलोचं नाव मातेबोहो ठेवलं होतं. सगळं गाव तिला त्याच नावाने ओळखायचं. मामोहापीने मात्र ते चार वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. नाव बदलून काय होतं, माझ्या घरात ती सेबोलेलोच, असं ती पाणवठ्यावर ऐकवत असे.

सेबोलेलो ओढ्यापर्यंत मागोमाग आली. दर वेळेसारखी गाळणी घ्यायला तिने हात पुढे केला. मामोहापीने गाळणी दुसऱ्या बगलेत घेतली.

"सकाळी येते मी. रांजण उघडायला, गाळायला. तुझ्या एकटीच्याने होणार नाही."

मामोहापी पहिल्या दगडावर पाय ठेवून थांबली.

"ये की. अंगणात चटई घालीन. पहिला पेला तुलाच देईन. रांजणाच्या झोपडीत मात्र आम्ही पाहुण्यांना नेत नाही, मातेबोहो."