एप्रनच्या खिशातले केस

केप कोस्टच्या बाजारात मान्साची ख्याती एकच: तिनं घातलेली वेणी दोन महिने हलायची नाही. गल्लीतल्या सगळ्या डोक्यांचा हिशेब तिला तोंडपाठ. कुणाचे केस मागेच दाट, कोण फक्त मयतीला जायचं असलं की सजतं, कोण केसांना विश्रांती द्यायच्या नावाखाली तीन महिने डोकं धूत नाही. एका डोक्याचा हिशेब मात्र ती सहा आठवडे टाळत होती.

आज ते डोकं वेण्या सोडवायला समोर येऊन बसलं. शेजारच्या एफुआची आराबा. शाळेत मुलींचे केस बारीक कापलेलेच लागत. शाळा संपल्यावर पोरीनं चौदा महिने जपून चार बोटं केस वाढवले आणि आयुष्यातल्या पहिल्या वेण्या मान्साकडून घालून घेतल्या. आखूड केसांत गंगावन टिकावं म्हणून मान्सानं कपाळापासून करकचून ओढलं होतं. त्यातून केस ओले. वाळल्यावर आणखी आवळणार, हे तिला ठाऊक होतं. पण बाकावर चार बायका खोळंबल्या होत्या.

आता सोडताना कानशिलावरची वेणी मुळांसकट हातात आली. मान्सानं तेवढे केस चटकन एप्रनच्या खिशात सारले.

गळलेले केस पुडीत बांधून जिचे तिला द्यायचे, तिनं घरी नेऊन जाळायचे. परक्या हाती लागले तर करणीची भीती. वीस वर्षांत मान्सानं कुणाचा एक केस ठेवून घेतला नव्हता.

आराबानं आरसा घेतला. कानशिलावर दोन बोटं नुसती चामडी चमकत होती.

"माझ्या केसांतच दम नाही गं, मावशी," ती म्हणाली. "कापून टाक. शाळेतलं डोकंच बरं होतं."

"बापावर गेलीय," बाकावरून एफुआ म्हणाली. "त्याचं टक्कल तर लग्नाच्या फोटोतच चमकतंय!"

बाक खदखदून हसला. मान्साही हसली. हसतच तिनं केस कापायचं मशीन उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

"त्या बिचाऱ्याला कशाला मध्ये घेतेस, एफुआ?" तिनं खिशातला गुंता आराबाच्या तळहातावर ठेवला. "हे तुझे. मी लपवले. तुझ्या केसांत दम आहे, पोरी. मीच ओढले. ओले असताना, घाईघाईत."

"केस खिशात ठेवलेस? माझ्या लेकीचे?" एफुआ ताडकन उठली. लेकीच्या टकलापेक्षा तिला खिसाच जास्त लागला.

आराबा मुळांकडे बघत होती. "दुखतंय म्हटलं होतं मी."

"तीनदा म्हणालीस," मान्सा म्हणाली. तो आकडा तिनं सहा आठवडे सांभाळला होता. "आणि मी म्हणाले, दुखतंय म्हणजे वेणी बसली."

बाकावरच्या एकीनं गुपचूप आपली कानशिलं चाचपली.

"कापायला नको. गंगावन नको, ओढ नको. येतील परत, बहुतेक." मान्सानं शियाच्या बियांचं लोणी तळव्यावर चोळून ऊन केलं. "सैल घालते. बस."

आराबा बसली. पण मान्साचा हात अजून वीतभर लांब असतानाच तिनं डोळे गच्च मिटले आणि मान आखडून धरली.