आमच्याकडे तर चालतंय

मी एक जुनी फ्लॉपी आहे. खरं सांगायचं तर आता पुरती फ्लॉपीही उरलेली नाही. माझं काळं चौकोनी पाकीट कापून टाकलंय आणि आतली गोल चकती एका पत्र्याच्या डब्यात सुई-दोऱ्यांसोबत पडून आहे. मित्रांनो, तुम्ही माझी जात पाहिलीही नसेल. तळहाताएवढी, पुठ्ठ्यासारखी लवचिक, मध्ये भोक. एका गावच्या संगणकातलं काम दुसऱ्या गावच्या संगणकात न्यायचं, तर त्या काळी आमच्याशिवाय वाट नव्हती. माझ्यावर दया करायची की नाही ते गोष्ट ऐकून ठरवा. माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९९० साली मी जळगावला आले. एका सूतगिरणीचं मुख्य कार्यालय तिथं होतं आणि तिची दुसरी गिरणी धुळ्याला. जळगावच्या कार्यालयात काचेची एक थंडगार खोली होती. तिथं मोठ्या साहेबांनाही चपला दाराबाहेर काढाव्या लागत. खोलीचा धनी होता रतिलाल. संगणकाचे प्रोग्राम तोच लिहायचा. त्यानं मला पहिल्यांदा हातात घेतलं ते दोन बोटांनी, कडेला धरून, आणि शिपायाला बजावलं की हिला वाकवलंस तर याद राख. दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू लागलं तेव्हा माझ्यावरही झेंडूचं एक फूल ठेवलं होतं. एवढ्यानं मी चढून गेले. रतिलालच्या मनगटावर सोनेरी घड्याळ होतं, बोलणं गोड होतं, आणि मला तो देवासारखा वाटायचा. आता हसू येतं.

पुढच्या वर्षी रतिलालनं एक मोठा प्रोग्राम लिहिला. गिरणीतल्या प्रत्येक कामगाराची जन्मतारीख त्यात भरायची. कोणाला अठ्ठावन्न वर्षं कधी पुरी होतात ते संगणक काढणार आणि त्या महिन्याच्या अखेरीस त्याला रिटायर करण्याचं पत्रही तोच छापणार. जळगावला प्रोग्राम चोख चालला. मग तो माझ्यात भरला आणि मला धुळ्याला धाडलं. उखर्डू नाना नावाचे म्हातारे शिपाई मला दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून एसटीनं नेत. एरंडोलच्या थांब्यावर चहा प्यायलाही ते मला मांडीवरून खाली ठेवत नसत.

धुळ्याच्या संगणकावर कुंदा बसायची. तोताराम नावाच्या, त्याच गिरणीतल्या जुन्या कामगाराची ही मुलगी. बुद्धविहाराच्या गल्लीतून पहिली बी.कॉम. झालेली. तिचा संगणक जुना होता. त्याच्या पोटातली बॅटरी मेलेली, त्यामुळे रोज सकाळी चालू केला की तो आजची तारीख विचारायचा. आणि विचारायचा तोही परदेशी रीतीनं, महिना आधी आणि दिवस मागून. कुंदाला त्याची सवय झाली होती. तिनं एक वही केली होती. डाव्या पानावर जळगावच्या संगणकाची तऱ्हा, उजव्या पानावर धुळ्याच्या, म्हणजे इकडचं काम तिकडे नेताना कुठं अडेल ते कळावं. रतिलाल ती वही पाहून हसला होता. संगणक म्हणजे काय सासू-सून आहेत का, असं म्हणाला होता.

जळगावच्या संगणकाला रतिलालनं पहिल्याच दिवशी एक ओळ शिकवून ठेवली होती, की आपल्याकडे दिवस आधी धरायचा. ती ओळ त्याच्या संगणकात होती. माझ्यात नव्हती. तो ती माझ्यात भरायला विसरला, कारण शिकवल्याचंच तो विसरला होता. मी जे दिलं ते नेलं, जे दिलं नाही ते कुठून नेणार?

कुंदानं धुळ्याच्या कामगारांच्या तारखा भरल्या तेव्हा बावीस नावं संगणकानं परत फेकली. त्यांच्या जन्मतारखा तेरा, अठरा, सव्वीस अशा होत्या आणि तेरावा महिना कुठं असतो? तिनं जळगावला फोन लावला. रतिलाल म्हणाला, "आमच्याकडे तर चालतंय. तू टाइप चुकीचं करतेस." मग त्यानं सांगितलं की जी नावं अडली तेवढीच उलटी करून भर, महिना आधी घाल. तिनं भरली. बाकीच्या तारखा संगणकानं मुकाट गिळल्या आणि सगळे खूश झाले.

आता आमच्या खानदेशातली एक गंमत ऐका. जुन्या माणसांचा जन्म कधीचा ते कोणी लिहून ठेवलेलं नसायचं. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. गिरणीतल्या निम्म्याअधिक लोकांचा जन्म एक जूनचा. तोतारामचाही, १९३४ सालचा. ही एक-सहा तारीख धुळ्याच्या संगणकानं वाचली ती पहिला महिना, सहावा दिवस अशी. म्हणजे सहा जानेवारी. कागदावर आकडे तेच छापून यायचे, डोळ्यांना काही खटकायचं नाही, फक्त पोटातला हिशोब पाच महिने पुढे धावायचा.

१९९२च्या जानेवारीत अकरा कामगारांना पत्रं निघाली, की एकतीस तारखेला तुम्ही रिटायर. ती कुंदाच्याच हातानं छापली गेली आणि सातवं पत्र तोतारामचं होतं.

तोतारामला कामाचा फार सोस नव्हता. पण त्याची बायको भिकुबाई हिला काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात थोडा उजेड शिल्लक. गिरणीच्या कामगारांना एका दवाखान्याचं कार्ड मिळायचं. त्या कार्डावर तिच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती दोन मार्च. डॉक्टरांनी बजावलं होतं की काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही, तेव्हा तारीख चुकवू नका. आणि रिटायर होणाऱ्याचं कार्ड त्याच दिवशी जमा करून घेत.

तोताराम पत्र घेऊन धुळ्याच्या गिरणीतल्या साहेबांपुढे उभा राहिला. "सायेब, जून आजून लांब शे," एवढंच म्हणाला. कुंदानं वही उघडून दाखवली, दोन्ही पानं. साहेबांनी जळगावला विचारलं. रतिलालच्या प्रोग्रामचा संचालक मंडळापुढे सत्कार व्हायचा होता. त्यानं आपल्या संगणकावर जळगावचीच चार नावं चालवून पाहिली आणि कळवलं की आमच्याकडे तर चालतंय. वर हेही जोडलं की बाई आपल्या बापासाठी संगणकाला खोटं पाडतेय, या लोकांना खुर्चीवर बसवलं की असंच होतं. साहेबांना ते पटलं. पटण्यासारखं होतं म्हणून नव्हे, सोयीचं होतं म्हणून.

कुंदानं मग एक चिठ्ठी लिहिली. धुळ्याचा संगणक महिना आधी धरतो, प्रोग्राम पाठवण्यापूर्वी कृपया तपासावे. ती माझ्या कागदी खोळीत घालून तिनं मला उखर्डू नानांकडे दिलं. कुठल्याही सामानानं आयुष्यात एवढं मोलाचं काही वाहिलं नसेल. जळगावला रतिलालनं खोळ झटकली, चिठ्ठी खाली पडली. त्यानं ती वाचली आणि तिच्यानं चष्म्याची काच पुसली. मी समोर होते. मला तोंड नाही याचा मला इतका राग पुन्हा कधी आला नाही.

एकतीस जानेवारीला कार्ड जमा झालं.

अठरा फेब्रुवारीला, सत्काराआधी धुळ्यातही प्रोग्राम चालवून दाखवायला, रतिलाल स्वतः आला, मला खिशात घालून. सकाळची वेळ होती. कुंदाच्या खुर्चीवर बसून त्यानं संगणक चालू केला. संगणकानं तारीख विचारली. त्यानं ऐटीत अठरा-दोन-ब्याण्णव ठोकली. संगणकानं ती नाकारली. त्यानं पुन्हा ठोकली. पुन्हा नाकारली. मग त्यानं दोन-अठरा-ब्याण्णव ठोकली आणि संगणकानं ती घेतली. कुंदा मागेच उभी होती. ती म्हणाली, "सर, अजून दोन मार्चला तेरा दिवस आहेत. साहेबांना एक शब्द सांगा, कार्ड परत मिळेल."

त्याला सगळं कळलं होतं. मी शपथेवर सांगते, कळलं होतं. कारण त्यानं लगेच ती विसरलेली ओळ तिथं बसवली आणि अडलेली बावीस नावं कुंदाकडूनच पुन्हा सुलटी भरून घेतली. मग साहेबांकडे जाऊन संगणकाची सर्व्हिसिंग झाली असं सांगितलं. अकरा पत्रांबद्दल तो काही बोलला नाही. निघताना कुंदाला एवढंच म्हणाला, "आमच्याकडे तर चालत होतं."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचा सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ. कुंदाला संगणकावरून काढून सुताची रिळं मोजायच्या खात्यात टाकलं. भिकुबाईला दुसऱ्या दवाखान्यात नंबर मिळाला तो जूनमधला. मे महिन्यात तिनं विचारलं की आज दिवा का लावला नाही. तेव्हा घरात ऊन आलेलं होतं.

आणि मी? त्या ओळीशिवायची फ्लॉपी आता धोक्याची, म्हणून रतिलालनं मला धुळ्याच्याच केराच्या टोपलीत टाकलं. दोन बोटांनी, कडेला न धरता. कुंदानं मला उचललं, कारण माझ्यात पुरावा होता. जसा पाठवला तसा, ओळ नसलेला प्रोग्राम. ती युनियनकडे गेली, ते म्हणाले कागदावर आणा. मला वाचू शकणारे संगणक होते गिरणीत, आणि गिरणीत तिला आता संगणकाच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी होती. साडेतीन वर्षं मी तिच्या ट्रंकेत पडून होते. चार पावसाळ्यांची ओल मला लागली. त्यानंतर माझ्यावर काय उरलं होतं, मलाच ठाऊक नाही.

मग १९९५ सालच्या ऑक्टोबरात सूर्यग्रहण आलं. फ्लॉपीच्या चकतीतून सूर्य पाहता येतो, असं तेव्हा कोणीतरी पसरवलं होतं. ते खोटं आहे मित्रांनो, तसं कधी करू नका, डोळे जातात. पण गल्ली ऐकते का? सकाळी सकाळी शेजारच्या द्रौपदाबाई मला मागायला आल्या. कुंदानं मला हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि कात्रीनं माझं पाकीट कापलं. दुखलं. पण मी ओरडले असते तरी तिच्या बाजूनंच ओरडले असते.

अंगणात सगळी गल्ली जमली. एकेकानं मला डोळ्यांशी धरलं. सूर्य विळ्यासारखा दिसत होता. भिकुबाई ओट्यावर बसली होती. कोणीतरी चकती तिच्या हातात दिली. तिनं ती चाचपली, मधल्या भोकात बोट घातलं आणि हे काय आहे म्हणून लेकीला विचारलं.

"माय, यामा तुना डोया शेतस," कुंदा म्हणाली. आई, यात तुझे डोळे आहेत.

भिकुबाईनं मला मांडीवर ठेवलं. "ऱ्हाऊ दे. मी आशीच देखस," म्हणाली आणि तिनं तोंड वर केलं. बाकी सगळे माझ्याआडून चोरून बघत होते. ती एकटीच उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघत राहिली, पापणीही न हलवता, कारण तिचं आता काही जाण्यासारखं नव्हतं.

मित्रांनो, वस्तू जपा असं आमच्या जातीच्या गोष्टींत शेवटी सांगायची रीत आहे. मला जपू नका. पण उद्या तुम्ही एखादं काम करून दुसऱ्या गावी पाठवाल, आणि तिथलं कोणी कळवेल की आमच्याकडे चालत नाही, तेव्हा आपल्या खोलीत बसून उत्तर देऊ नका. एसटीत बसा. तिच्या खुर्चीवर जाऊन बसा, आणि आजची तारीख टाइप करून बघा. पण एकतीस तारखेच्या आत जा.