यंदा ज्यांनी शिडी बोलावली नाही

“माहे गुडघे कुरकुरते न हिच्या पायऱ्या. आता दोघाइले बी कोनी बोलावत नाही. आन बोलावलं तं अशा कामाले,” माझ्या तिसऱ्या पायरीला सुतळी आवळता आवळता बकाराम पुटपुटला. तोंड इतकं जवळ होतं की त्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास मला आला.

मित्रांनो, ती जुनी शिडी मी. काम कोणतं होतं ते मला ठाऊक होतं. शेजारच्या रुख्माबाईच्या घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायचे होते. फेरायचे नव्हते, उतरवायचे होते. घर विकलं गेलं होतं, आणि ते विकलं जाण्यात माझाही एक पाय होता. तेच तुम्हाला सांगायचं आहे. पण आधी माझं थोडं ऐका.

माझा जन्म १९९९ च्या थंडीतला. कोहमाऱ्याच्या फाट्यापासून कोसभर आत आमचं गाव. बकारामनं काटंग बांबूच्या बेटातून दोन सरळ बांबू निवडले आणि घुण लागू नये म्हणून महिनाभर तलावात दगडाखाली बुडवून ठेवले. ते काढले तेव्हा असा वास सुटला, की धुणं धुणाऱ्या बायांनी बकारामची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. मग चुलीच्या धुरावर शेकणं झालं, मोहाच्या बियांचं तेल पाजणं झालं, आणि तेरा पायऱ्यांची मी उभी राहिले. बकारामच्या बायकोनं, सुशिलाबाईनं, मला हळदीचं बोट लावलं. “नवऱ्याले पाडू नको, बाई,” एवढंच ती म्हणाली. ते मी आजवर पाळलं आहे.

आमच्याकडे वर्षभर वानरं छपरांवर उड्या मारतात. कवेलू सरकतात, फुटतात. म्हणून मिरग लागायच्या आत प्रत्येक घराचे कवेलू फेरून, म्हणजे फुटके बदलून नीट रचून, घ्यावे लागतात. बकाराम ते काम करायचा. वैशाखभर मी त्याच्या खांद्यावर गावभर फिरायची. लोक उन्हात माझी वाट पाहत. “आली का शिडी?” असं विचारत. बकारामचं नाव मागाहून घेत. त्याचा मला फार अभिमान होता, आता लपवून काय करू.

मग २००३ च्या उन्हाळ्यात दुलीचंद आला. तो गोंदियाचा, घरं मिळवून देण्याचा धंदा करणारा. फाट्यावर तेव्हा धाबे वाढत होते, नागझिऱ्याच्या अभयारण्याला जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या होत्या, आणि आमच्यासारख्या आतल्या गावांतल्या घरांनाही गिऱ्हाईक होतं. पण ‘विकणे आहे’ अशी पाटी लागलेलं घर दुलीचंदला नको असायचं.

“बोर्ड लगा की भाव चढा, बकाराम भाऊ,” चहाची बशी फुंकत तो म्हणाला. “दस लोग पूछने लगे, तो घरवाला भी सोचने लगता है. अपने को उसके सोचने से पहले पहुंचना है. अब बताओ, इस साल तुमको किसने नहीं बुलाया?”

बकाराम हसला. “हे कायले पुसता?”

“जिसको घर छोडना है, वो उसके कवेलू पर पैसा क्यों लगाएगा?”

बकारामनं माझ्याकडे पाहिलं. जणू मी पहिल्यांदाच दिसले. मग त्यानं बोटांवर मोजत आठवलं. “मास्तरनं नाही बोलावलं. त्याइची बदली होऊन राहिली म्हन्ते.”

महिनाभरात मास्तरांचं घर एका धाबेवाल्याचं झालं. पाटी लागली नाही, गावाला पत्ता लागला नाही. पुढच्या उन्हाळ्यात दुलीचंद पुन्हा आला आणि माझ्या दांड्यावर थाप मारून म्हणाला, “हमारी असली एजंट तो ये है.” मित्रांनो, मी फुलले. एवढ्या गावात कुणालाच न कळणारी गोष्ट माझ्यामुळे कळत होती. दर मे महिन्यात तो यायचा, बकाराम दोन-तीन नावं सांगायचा, आणि बहुतेक वेळा ती बरोबर निघायची. कोणी पोराकडे जाणार असायचं, कोणी भावाभावांत वाटण्या करणार असायचं. आपण काही वाईट करतो असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. आम्ही फक्त कुणी बोलावलं नाही ते सांगत होतो.

आता रुख्माबाईचं सांगते. तिची आणि आमची परसातली भिंत एकच. मी त्याच भिंतीला आडवी टांगलेली असते, म्हणून दोन्ही घरांतलं मला ऐकू येतं. तिचा नवरा टेकचंद बकारामचा जिवाचा मित्र. त्यानं एकदा सासुरवाडीहून, दवनीवाड्याहून, भोपळ्याचं बी आणलं होतं. टेकचंद गेल्यावर रुख्माबाई दरवर्षी त्याच वेलीचं बी राखून ठेवी, उन्हाळ्यात लावी आणि भांड्यांच्या पाण्यावर जगवी. वेल छपरावर चढायची. बकाराम कवेलू फेरायला गेला की आधी वेल दोन्ही हातांनी उचलून बाजूला निजवायचा, मग काम करायचा.

२००९ च्या मे महिन्यात मात्र आभाळ लवकर भरून आलं. अजून दोन घरं बाकी होती. बकाराम घाईत आला आणि त्यानं मला धपकन टेकवलं. माझा डावा पाय वेलीच्या बुडावर पडला. वर त्याचं वजन. खाली काहीतरी करकन चिरडलं. मला कळलं. पण शिडीनं ओरडायचं कसं? संध्याकाळपर्यंत वेल माना टाकून पडली. वर मुठीएवढे तीन भोपळे लागलेले होते.

रुख्माबाईनं भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “भाऊ, पुढच्या साली शिडी माह्या दारी आनू नको.”

“अव वहिनी, एका वेलीसाठी—” बकाराम म्हणाला, तोवर ती आत गेली होती.

वर्षभर भिंतीपलीकडून ताकाचा गडवा आला नाही. इकडून मोहाच्या भाकरी गेल्या नाहीत. सुशिलाबाई रोज एकदा म्हणायची, “जा न, दोन शब्द बोलून या. काऊन अडून बसले?” बकाराम म्हणायचा, “बोलतो न.” मित्रांनो, तो तेव्हा दोन शब्द बोलला असता तर मी तुम्हाला ही गोष्ट सांगत नसते.

२०१० च्या मे महिन्यात रुख्माबाईनं शिडी बोलावली नाही. गळायचं तिथं स्टुलावर चढून तिनं स्वतःच मेणकापड सरकवलं, वर दगड ठेवले. आणि दुलीचंद आला.

बकारामनं दोन नावं सांगितली. दुलीचंदची नजर भिंतीवरून पलीकडे गेली. दगड, मेणकापड. “और ये बाजूवाली माताजी?”

“तिनं बी नाही बोलावलं.”

“क्यों?”

बकारामनं चहाची बशी तोंडाला लावली. गावातला सगळ्यांत जपून पाय टाकणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. आपणच वेल तुडवली हे परक्या माणसाला कसं सांगायचं? “काय मालूम,” तो म्हणाला.

एवढंच. तेवढ्यावर दुलीचंद नागपूरला गेला. रुख्माबाईचा मुलगा उमेंद्र तिथं एका कंपनीत कामाला होता. घर बापामागं त्याच्या नावावर झालेलं. घर विकायचं त्याच्या मनातही नव्हतं. दुलीचंदनं त्याला काय सांगितलं, ते त्यानंच मागाहून बकारामला हसत ऐकवलं, “माताजी का मन घर से उठ गया है. कवेलू तक नहीं फेरे इस साल. बोलती नहीं बेचारी.”

दिवाळीला उमेंद्र आला. भिंतीपलीकडचं बोलणं मी ऐकलं.

“माय, तू चाल माह्या घरी. इथं एकटीनं कायले राहाचं?”

रुख्माबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “तू म्हनशीन तसं.”

पोराला वाटलं, आईला जायचंच आहे, मुलाला भार नको म्हणून बोलत नव्हती. आईला वाटलं, पोराला घर विकायचंच आहे, पैशाची गरज असेल म्हणून बोलत नसावा. दोघंही एकमेकांसाठी घर सोडायला निघाले. मधे एक भिंत, आणि भिंतीवर मी. मला सगळं ठाऊक, आणि तोंड नाही. बकारामला सगळं ठाऊक, आणि तोंड असून तो खर्रा चघळत होता.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला उन्हापावसात ठेवू नका, हे मी सांगणार नाही. माझे थोडेच दिवस उरले आहेत. एवढंच सांगते, चढण्याआधी आपला पाय खाली कुठं पडतो आहे ते पाहा. आणि एखाद्यानं यंदा तुम्हाला बोलावलं नाही, तर का नाही बोलावलं ते दुसऱ्याला नका सांगत बसू. त्यालाच जाऊन विचारा.

तर, २०११ चा मे महिना. रजिस्ट्री होऊन आठ दिवस झाले होते. घेणाऱ्याला मोकळी जागा हवी होती. उमेंद्रच आला बोलवायला. “काकाजी, कवेलू उतरवाचे आहे. तुमच्याशिवाय कोनाले सांगू?” बकारामला नाही म्हणता आलं नाही.

दोन वर्षांनी मी त्या अंगणात शिरले. दारात टेम्पो उभा होता. त्यात खाट, पाटा, तांदळाची कोठी चढलेली. दुलीचंद मोबाईलवर बोलत होता. उमेंद्र आईला समजावत होता, “तिथं चोवीस तास नळ आहे, माय.” ती मान हलवत होती. शेजारपाजारच्या बायाही म्हणत होत्या, “बरं झालं बाई, सुटली तू.” सगळे सगळं बोलत होते, तेवढं एक सोडून.

बकारामनं मला छपराला लावायला उचललं. आणि आम्ही दोघंही थांबलो. भिंतीच्या बुडाशी हातभर वेल होती. नवी. यंदाही तिनं राखून ठेवलेलं जुनं बी लावलं होतं. जायचं ठाऊक असून.

रुख्माबाई पुढे आली. खाली बसली, दोन्ही हातांनी वेल अलगद उचलली, आणि माझा पाय टेकायला जागा करून धरून बसली.

“लाव, भाऊ,” ती म्हणाली.

बकारामनं मला टेकवलं. पहिल्या पायरीवर चढला, दुसऱ्या पायरीवर चढला. तिसरीवर, त्या सुतळीच्या पायरीवर, त्यानं खाली वेलीकडे पाहिलं आणि त्याचा तोल गेला. मला वाटलं पडतो. मी जीव खाऊन उभी राहिले.

तो खाली उतरला. टोपी काढून हातात धरली.

“उमेंद्र,” तो म्हणाला, “दोन साल झाले, तुह्या मायची वेल म्या तुडवली. म्हनून तिनं मले बोलावलं नाही. तिचं मन घरावरून कधीच उठलं नवतं, बापू. ते माह्यावरून उठलं होतं. मले मालूम होतं.”